पेत्र्याचा लिलाव

माझा आवाज मोठा, ही आमच्या घरातली जुनी तक्रार. मी जन्मले तेव्हा सुईण आईला म्हणाली होती म्हणे, "पाळकीणबाई, आता चर्चला घंटा नको." आईला तो विनोद तेव्हा आवडला नाही आणि पुढंही कधी आवडला नाही. अण्णा आमच्या गावच्या चर्चचे पाळक. सोनईच्या बाजारापासून बैलगाडीच्या वाटेनं आत गेलं की आमचं गाव, आणि त्याच्याही पलीकडच्या माळावर विखुरलेल्या वाड्यांमधली ख्रिस्ती मंडळी अण्णांच्याच हवाली. घर चर्चला लागून, मधे एकच भिंत. मी चुलीपाशी बसून "मीठ कुठंय?" असं विचारलं, की पलीकडे प्रार्थनेला बसलेली माणसं डोळे उघडायची. मग आई फुंकणी हातात धरून माझ्याकडे नुसती बघायची. "हळू" हा शब्द तिच्या तोंडून मी जेवढ्यांदा ऐकला, तेवढ्यांदा "आमेन"सुद्धा ऐकलं नसेल. आता माझे कान गेलेत. नातवंडं माझ्याशी ओरडून बोलतात आणि शेजारचे तक्रार करतात. आई असती तर म्हणाली असती, हे असंच व्हायचं होतं.

मला सतरावं लागलं त्या साली पाऊस पुन्हा हुकला होता. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायचं. घरोघरी रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी. ती थापताना कडेनं चिरायची. आई पाण्याचा हात जरा जास्त लावून कशीबशी शाबूत तव्यावर टाकायची, आणि एखादी अख्खी उतरली की स्वतःशीच खूश व्हायची. बरोबर हुलग्याचं माडगं, नाहीतर लसणाचा झणझणीत ठेचा. रविवारी शेंगोळे. लोक मला विचारतात, फार हाल झाले असतील ना? झाले असतील. पण मला पहिल्यांदा आठवतात ते आवाज. पहाटे आईचं जातं, त्याच्या जोडीला अण्णांची पेटी, आणि दुपारभर लांबून ऐकू येणारे खडीवरचे हातोडे. संध्याकाळी कामावरून आलेली आम्ही तरुण संघाची पोरं-पोरी चर्चच्या ओट्यावर जमायचो. ढोलकी निघायची. सतराव्या वर्षी दुष्काळसुद्धा मनाला लागत नाही.

दर उन्हाळ्यात नगरला ख्रिस्ती तरुणांचं शिबिर भरायचं. त्याची फी होती, वर एस्टीचं भाडं, त्यामुळे आमच्याकडून आदल्या साली एकटा दावीदच गेला होता. दावीद म्हणजे आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. तो आला तो नवीन गाणी घेऊन, हातवाऱ्यांसकट. दोन महिने आम्ही त्याला रोज तेच विचारायचो, झोपायचा कुठं, काय काय खाल्लंस, नाटकात राजा कोण झालं. वाड्यांवरची पोरं तर त्याच्याकडे विलायतेहून आल्यासारखी बघायची, कारण त्या वाड्यांवरून शिबिराला आजवर कुणीच गेलं नव्हतं. त्या साली नगरच्या कमिटीनं दुष्काळामुळं शिबिर रद्द केलं. ते कळलं त्या संध्याकाळी ओट्यावर ढोलकी वाजली नाही. मग दावीदच म्हणाला, "आपण इथंच भरवू. शाळा सुटीत रिकामी असती. विहिरीला पाणी हाय. लागतंय काय, तर दाणागोटा." फी घ्यायची नाही, वाड्यांवरच्या एकालाही परत पाठवायचं नाही, असं तिथंच ठरलं. चर्चमधल्या वडीलमंडळींनी मान डोलावली, पण अट घातली. ईस्टरपर्यंत शाळेच्या कोठीत सगळ्यांना पुरेल एवढं धान्य दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर विषय बंद.

धान्य मागायला वाडी-वाडीला जायचं ठरलं. पुढं अण्णांचं कीर्तन, मागं लिलाव. मला जायचंच होतं, आणि आईनं सोडायचं नाही असं ठरवलं होतं. त्याला कारण राहुरीकडचं स्थळ. ती माणसं उन्हाळ्यात बघायला येणार होती. (त्याच घरात पुढं माझा सगळा संसार झाला, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक.) शेवटी अण्णांनी मधे पडून मला परवानगी मिळवून दिली. आईनं मात्र जाताना समोर उभं करून बजावलं.

"कोरसात गायचं. तोंडातल्या तोंडात. पाळकाची पोरगी गावोगाव ओरडत फिरती असं माझ्या कानावर आलं, तर शिबिराचं नाव काढायचं नाही. शिबिर भरल तिकडं, तू इकडं घरात बसून पापड लाटशील."

"हो," मी म्हणाले.

"हळू," आई म्हणाली.

आमच्या मंडळींत लिलावाची रीत जुनी. ज्याच्याकडे पैसा नाही तो वस्तू आणतो. अंडी, भोपळा, मेथीची जुडी, जे असेल ते. उपासना संपली की ओट्यावरच लिलाव होतो. ज्यानं वस्तू घेतली तो पुष्कळदा ती हातात धरून उभा राहतो आणि म्हणतो, "पुन्हा देवाला." की तीच वस्तू परत लिलावात. एकच अंडं असं फिरत फिरत कोंबडीच्या भावाला गेलेलं मी पाहिलं आहे. त्या साली पैसे कुणाकडेच नव्हते, म्हणून बोली धान्यात लावायची असं ठरलं. शेरानं, पायलीनं, जमेल तशी.

पहिल्या वाडीत सगुणाआजीनं कोंबडा दिला. म्हातारी एकटी राहायची, पाठीत वाकलेली, पण जीभ ताठ. तांबडा, तुरेबाज कोंबडा तिनं डालग्यासकट अण्णांच्या पुढं ठेवला. "सलाम, पाळकसाहेब. ह्यो घ्या. लिलावात किती बी फिरवा, पर शेवटाला शिबिरातल्या पोरांच्या ताटात पडू द्या. तेवढ्यासाठी वाढीवलाय."

लिलाव पुकारायचं काम दावीदचं. दावीद गुणी मुलगा, पण तो उभा राहिला आणि मयताला आल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "एक... कोंबडा आहे." कुणी तरी पाव शेर म्हणालं. दुसरं कुणी बोलेना. "एक वार," दावीद म्हणाला. सगुणाआजीचं तोंड एवढंएवढंसं झालं. मी बायकांच्यात मागं बसले होते. पाव शेर मिलो! तो कोंबडा पाव शेर तर नुसता टिपत असेल. माझ्या डोळ्यांपुढं रिकामी कोठी आली आणि आईची अट कुठल्या कुठं गेली.

"अरे पाव शेर काय पाव शेर?" मी उभी राहिले. "तुरा बघा त्याचा! चाल बघा! असा कोंबडा नेवाशाच्या बाजारात मिळायचा नाही. यशवंतकाका, तुम्ही पाव शेर म्हणालात? तुमच्या मिशीला शोभंना ते!"

सगळी वाडी हसली. यशवंतकाकांनी मिशीवर हात फिरवला आणि एकदम एक शेर म्हणाले. मग काय, सुरू झालं. कोंबडा दोन शेरांना गेला, "पुन्हा देवाला" म्हणून परत आला, अडीचला गेला, परत आला. रिकामं घमेलं भरलं. ज्यांच्याकडे दाणा नव्हता त्यांनी कामावर खायला मिळालेली सुकडीची पूड ओंजळीनं आणून टाकली. मी शेवटी खाली बसले तेव्हा घसा तापला होता. अण्णांकडे बघायची हिंमत होईना. ते पेटीचा भाता बांधत होते. तोंड माझ्याकडे न करताच म्हणाले, "आजचा कोरस चांगला झाला." घरी आईला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर कोंबडा आमच्याबरोबरच फिरायला लागला. पोरांनी त्याचं नाव पेत्र्या ठेवलं, कारण अण्णा त्या दिवसांत कीर्तनाला पेत्राचंच आख्यान लावायचे. येशूला धरून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि तेवढ्यात कोंबडा आरवतो. अण्णा "आणि इतक्यात" म्हणून थांबले, की दावीद डालग्यावरचं फडकं हळूच काढायचा. पुष्कळदा पेत्र्या खरंच आरवायचा. नाही आरवला तर अण्णा दमानं अजून एक अभंग म्हणायचे आणि पुन्हा "आणि इतक्यात"वर यायचे. माणसं डोळे पुसता पुसता हसायची. आम्ही सायकलींवर, मागून सगुणाआजीच्या पुतण्याची बैलगाडी. गाडीत पोती आणि पेटी, पोत्यांवर पेत्र्या. प्रत्येक वाडीत तो विकला जायचा आणि प्रत्येक वाडी त्याला परत करायची. कुठं कण्या खाल्ल्या, कुठं नुसतं माडगं प्यालो, एका घरी तर गुळाचा खडा आमच्यात वाटून खाल्ला. एवढी चैन मी नंतर लग्नाकार्यांतही केली नाही.

शेवटची वाडी डोंगराच्या पायथ्याशी. तिथं आपली घरं दोन-तीनच, बाकी सगळं शेतकऱ्यांचं गाव. करमणूक नव्हती कसली, म्हणून कीर्तनाला अख्खं गाव लोटलं. आमची माणसं लिंबाखाली, गावकरी पलीकडे बांधावर. तो काळ अजून असा होता की मधली चार हात जागा न सांगता मोकळी राहायची. पेत्र्या वेळेवर आरवला आणि बांधावर हशा झाला. मग लिलाव, पुकारायचं काम आता माझंच. गावातले बागायतदार बापूराव आणि त्यांच्याकडे आलेले त्यांचे दाजी शेजारी-शेजारी बसले होते. आमच्या एकानं दोन शेर म्हटलं तर दाजी बांधावरून म्हणाले, "एक पायली."

"दाजी, पाव्हण्यानं पाव्हण्यावानी ऱ्हावं," बापूराव म्हणाले. "दोन पायल्या. बाजरी."

"बाजरी!" मी ओरडले. कितीक महिन्यांत बाजरी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. "दाजी, गप का बसलात? घरी गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं की माझ्या भावापुढं हरलात का, तर काय सांगाल?"

दाजींनी तीन म्हटलं. बापूराव उठून उभे राहिले, पटक्याचा शेमला मागं टाकला आणि म्हणाले, "अर्धा मन."

एक वार, दोन वार, तीन वार. बापूराव मधली मोकळी जागा ओलांडून आले, पेत्र्याला उचलून काखेत मारलं, गड्याला पोतं आणायला पिटाळलं आणि आम्ही सगळे पुढचे दोन शब्द ऐकायला कान टवकारून उभे असताना सरळ घराच्या वाटेला लागले.

दावीद म्हणाला, "घेऊन गेले की." आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की ही रीत जगात सगळ्यांना ठाऊक नसते. सगुणाआजीचा शब्द होता, कोंबडा शिबिरापर्यंत पोचला पाहिजे. बापूराव एव्हाना ओढ्यापलीकडे गेले होते. मी छातीत वारा भरून घेतला.

"ओ बापूरावऽऽ! कोंबडा परत द्यायचा असतोऽऽ!"

डोंगरानं ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. बापूराव थांबले, वळले, आणि चालत परत आले.

"काय म्हनली पोरी?"

"कोंबडा... परत देतात. पुन्हा देवाला म्हणून."

"म्हंजी बाजरी बी तुमची आन कोंबडा बी तुमचाच?"

"हो."

"मंग मला काय मिळालं?"

बांधावर माणसं खो-खो हसत होती. रविवारच्या शाळेत मी पाठांतराची बक्षिसं मिळवली होती, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शेवटी अण्णा पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "बापूराव, रीत आमची आहे. तुमच्यावर तिची सक्ती नाही. कोंबडा तुमचा." बापूरावांनी मान हलवली, पेत्र्याला काखेत सारखा केला आणि ते गेले. गाडीत अर्धा मण बाजरी होती, तरी येताना कुणी गाणं म्हटलं नाही.

सगुणाआजीला सांगायला मीच गेले. ती म्हणाली, "गेला तर गेला. कुनाच्या तरी ताटात पडंल." पण तिनं रिकाम्या डालग्यावर हात फिरवला तो मी पाहिला आणि मला भारी वाईट वाटलं. त्यात कोठीचंही जमेना. धान्य दिसत होतं, पण सगळ्या वाड्यांच्या पोरांना पुरेल असं वडीलमंडळींना वाटत नव्हतं. ईस्टर तोंडावर आला. आणि घरी रोज आई कुणाशी बोलायला लागली की मी दाराआड कान लावून उभी. माझ्या पराक्रमाची वार्ता अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती कशी, याचंच मला नवल वाटायचं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी दारात बैलगाडी थांबली. बघते तर बापूराव. गाडीत पोती, आणि सगळ्यांत वरच्या पोत्यावर, पायाला चिंधी बांधलेला, पहिल्यापेक्षा जाडजूड झालेला पेत्र्या. आई पदर सावरत पुढं गेली.

"रामराम, बाई," बापूराव म्हणाले. "ती आवाजाची पोरगी कुठंय?"

"कुठली?" आई म्हणाली.

"आवो ती, लिलाववाली. मी पार वढ्याच्या पल्याड गेल्तो, तरी कानात आसा आवाज आला की बैल बुजावा. आजून वाजतुया." मग त्यांनी दारामागं उभी असलेली मला पाहिलं. "हीच की ही! आवो, हिनं दाजीला आसा पेटीवला, आसा पेटीवला, की त्या कवडीचुंबकानं जल्मात पयल्यांदा हात सैल सोडला."

मी भिंतीत शिरायची तेवढी राहिले होते. आई माझ्याकडे बघतही नव्हती. ती म्हणाली, "बसा. काय झालं ते नीट सांगा."

बापूरावांनी सांगितलं ते असं. घरी गेल्यावर त्यांच्या कारभारणीनं पेत्र्याला कापू दिलं नाही, देवाच्या नावचा कोंबडा म्हणून. दुसऱ्या दिवशी पारावर दाजींनी डिवचलं की अर्धा मण घालवून बसलास. बापूराव ईर्षेनं म्हणाले, मग करा की इथं लिलाव, बघू कोण घेतंय. पारावर लिलाव झाला. दाजींनीच घेतला, शेंगांच्या बोलीवर, आणि बापूराव सगळ्यांदेखत म्हणाले, "आता परत द्या. रीत हाय." दाजी अडकले. मग गाव पेटलं. वरच्या आळीनं घेतला, परत दिला. खालच्या आळीनं त्याहून जास्तीला घेतला. "लई मजा आली बघा. तिकडं मी इचारलं हुतं न्हाई का, मला काय मिळालं? तर हे बघायला मिळालं. दाजीचं तोंड बघायला मिळालं. आता ह्यो माल पोरास्नी घाला. शिबिर का काय ते दनक्यात हूं द्या."

बाजरी, शेंगा, हुलगे, गुळाची एक ढेप. आईनं आत जाऊन गुळाचा चहा ठेवला. कप पुढं करताना ती जरा अडखळली. आमच्या घरचं पाणी त्या गावचं कुणी प्यालेलं तिनं पाहिलं नव्हतं. बापूरावांनी कप घेतला, बशीत ओतला, फुर्रकन प्याले आणि म्हणाले, "आलं घाला पुढल्या बारीला." आई हसली.

गाडी गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. पापड लाटायची मनाची तयारी करून.

"अर्ध्या मणाला विकलास कोंबडा?" आईनं विचारलं.

"हो."

"आणि परत माग म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

आईनं चूल सारखी केली. मग म्हणाली, "शिबिरात भाकऱ्या थापायला हात कमी पडतील. माझ्याबरोबर पहाटे उठावं लागेल." एवढंच. त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

शिबिर झालं. वाड्यांवरची सगळी आली, एकही मागं राहिला नाही. दावीदनं हातवारे शिकवले, नाटकात राजा यशवंतकाकांचा पुतण्या झाला, आणि बाजरीची भाकरी हातात आल्यावर एका लहान मुलीनं ती आधी हुंगून पाहिली. सगुणाआजी पहिल्या दिवसापासूनच ठाण मांडून होती. पेत्र्याला कापायचा दिवस आला तर पोरं रडायला लागली. आजी डालग्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्याला आता कोन कापतंय? ह्यानं कमिटीपरीस जास्ती गोळा केलंय." पेत्र्या पुढं तिच्याच दारात म्हातारा होऊन मेला.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी हट्ट धरला, पेत्र्याचा एक लिलाव आणखी. शाळेचं पटांगण भरलं होतं. बापूराव दाजींना घेऊन आले होते आणि ह्या खेपेला आमच्यातच सतरंजीवर बसले होते. आणि पुढच्या बाकावर राहुरीची माणसं. आईनंच त्यांना निरोप धाडून त्या दिवशी बोलावलं होतं, हे मला उभी राहिल्यावर कळलं. जाड चष्म्याचा बाप, हातात छत्री, शेजारी त्याची बायको, आणि कडेला खाली मान घातलेला एक मुलगा. पेत्र्याला हातात घेतलं. इतक्या वाड्या गाजवल्या, पण तिथं मला आईचं फुंकणी धरून बघणंच आठवलं. मी नजर खाली घातली आणि अगदी घरंदाज मुलीसारखी, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "एक... कोंबडा आहे."

चष्म्यावाल्यांनी मान पुढं काढली. सगळ्यांत मागं, चुलाणापाशी, पिठानं माखलेले हात कमरेवर ठेवून आई उभी होती.

"अगं मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "मागं काही ऐकू येत नाही."